लोणारची सहल आणि घरचा कुत्रा

बुलढाण्याकडील मुलांचा समुद्र बहुधा चित्रांतला असतो. मलकापुराहून मुंबई रेल्वेनें सुमारें ५०० किलोमीटर. चार दिवसांच्या सुटींत तेवढें अंतर तोडून वाळूवर बसावयाचें म्हणजे निम्मी सुटी प्रवासांतच सरावयाची. पण खाऱ्या पाण्याचा एक कांठ आपल्याच जिल्ह्यांत आहे. चिखली, मेहकर करीत अडीच-तीन तासांत लोणारला पोंचतां येतें. अंथरुणें, स्टोव्ह आणि पाण्याचे डबे व्हॅनमध्यें टाकून एक रात्र तिकडे काढावी, हा बेत मोठा सुखाचा आहे. घरांत कुत्रा असला तर त्याला शेजाऱ्यांकडे ठेवण्यास मुलें कांहीं केल्या कबूल होत नाहींत. तोही गाडींत चढतो, आणि मग बेत जरा नीट आखावा लागतो.

सरोवराच्या दोन कथा मुलांना वाटेंतच सांगून ठेवाव्या. एक आजीची: लवणासुराला मारून विष्णु दैत्यसूदन झाला, गांवांतील दैत्यसूदनाचें कोरीव मंदिर पाहतांना ती डोळ्यांपुढें उभी राहते. दुसरी शास्त्रज्ञांची: आकाशांतून आलेली उल्का येथील काळ्या बसाल्ट दगडावर आदळली आणि सुमारें १.८ किलोमीटर रुंद व १५० मीटर खोल विवर पडलें. अलीकडील मापनानें त्याचें वय सुमारें ५,७०,००० वर्षें निघतें. मुलें बहुधा दोन्ही कथा खऱ्या धरतात, आणि आम्हांला त्यांत कांहीं वावगें वाटत नाहीं.

पाणी मात्र समुद्राचें नव्हे. त्यांत मिठाबरोबर सोड्याचा खार आहे, म्हणजे आपण पापडांत घालतों त्याच जातीचा. त्याचें पीएच मान दहाच्या घरांत जातें. २०२० च्या जून महिन्यांत हें पाणी एकाएकीं गुलाबी झालें. खारांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणींत दिसून आलें. कांठच्या चिखलाच्या वासानें माणूस नाक मुरडून मागें सरतो. कुत्रा पाणी दिसतांच झेप घालतो. मग डोळे चुरचुरतात, कातडी लाल होते, आणि अंग चाटतां चाटतां खार पोटांत गेला म्हणजे ओकाऱ्या सुरू होतात.

तेव्हां त्याला दोरीनें बांधून खालीं न्यावा, असें कोणी म्हणेल. तेंही नको. विवराचा हा परिसर २००० सालापासून अभयारण्य आहे, आणि अभयारण्यांत पाळीव कुत्रा नेण्याची मोकळीक नसते. हा नियम कोरड्या सरकारी खाक्याचा नाहीं. २०१८ सालीं गीरच्या जंगलांत वीसांहून अधिक सिंह थोड्याच दिवसांत मेले, आणि त्यांतील कांहींना डिस्टेंपर या कुत्र्यांत आढळणाऱ्या रोगाची बाधा झालेली होती. आपला कुत्रा धडधाकट दिसतो, यावर भिस्त ठेवणें बरें नव्हे.

म्हणजे कोणी तरी वर थांबलें पाहिजे, आणि येथेंच घराघराचें मन कळतें. “तुम्ही सगळे जाऊन या, मी आहें त्याच्याजवळ,” हें वाक्य बहुतेक वेळां घरच्या बाईच्याच तोंडीं येतें. तिच्यापुढें स्टोव्ह असतो, भाजी चिरावयाची असते. मंडळी कमळजा देवीचें दर्शन घेऊन, मोर पाहून, घामाघूम होऊन वर येते. आणि तिची सहल घरच्या ओट्यावरून व्हॅनच्या पायरीवर, एवढीच झालेली असते. आमची सूचना अशी, कीं निघण्यापूर्वींच दोन तुकड्या पाडाव्या. उजाडतांच पहिली तुकडी खालीं उतरावी आणि तींत घरच्या बाईनें असावेंच. चहा, भाजी आणि कुत्रा हीं तिन्हीं खातीं तोंवर यजमानांनीं सांभाळावीं. खालीं जाऊन येण्यांत दोन-तीन तास सहज मोडतात. ऊन फार चढलें तर दुसऱ्या तुकडीनें संध्याकाळची वाट पाहावी.

वर थांबणाऱ्यानें कुत्र्याला बंद गाडींत ठेवून फिरावयास जाऊं नये. उन्हांत उभ्या गाडीच्या आंतील उष्णता दहा मिनिटांत सुमारें दहा अंशांनीं वाढते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाहीं. धापा टाकूनच तो अंग थंड करतो, आणि आंतली हवाच तापली म्हणजे त्या धापांचा उपयोग राहत नाहीं. झाडाची सांवली, लांब दोरी आणि घरून आणलेलें गोडें पाणी एवढें त्याला पुरे.

रात्रीं गाडी कोणाच्या शेताच्या कडेला लावावयाची असेल तर मालकाला आधीं विचारावें. शेळ्या राखणारा मनुष्य परक्या कुत्र्याला भितो, आणि तें रास्तच आहे. पिसाळण्याची व डिस्टेंपरची लस टोंचल्याचा कागद जवळ असावा. परतल्यावर कुत्र्याचे कान, बगला आणि पायांच्या बोटांमधील फटी गोचिडांसाठीं नीट तपासाव्या. हें काम मुलें आनंदानें करतात. गोचीड उपटावयाची कशी, तेवढें मात्र त्यांना एकदां चिमटा घेऊन दाखवावें.