फुटका माल, घरबसल्या दाद

मानोऱ्यात बसून मोबाइलवर मिक्सर मागवला आणि खोक्यातून निघालं फुटकं भांडं! विक्रेता दिल्लीचा. घरचे म्हणतात, ‘जाऊ दे, एवढ्या लांब कोण भांडणार?’ पण मैत्रिणींनो, पै-पै साठवलेला पैसा असा का सोडायचा?

१९८६ च्या कायद्यात नुसतं ‘मी इथं राहते’ एवढ्यावर इथं दावा लावता येत नव्हता. २० जुलै २०२० पासून नवा ग्राहक संरक्षण कायदा लागू झाला आणि चित्र पालटलं. आता आपण राहतो त्याच जिल्ह्यात, म्हणजे वाशीमच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही. मुदत दोन वर्षं.

त्याआधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. ४८ तासांत पोच आणि महिनाभरात निवारण, असा २०२० चा नियमच आहे. सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. दाद लागली नाही तर १९१५ वर फोन करा.

मात्र पुरावा हवा. खोकं उघडतानाच फोटो काढा, बिल जपा. तोंडी भांडणापेक्षा कागद जास्त बोलतो!