आधी तो प्रोजेक्टर बंद करा!

आपल्या कार्यकारिणीत सध्या एक वाद रंगला आहे. मंडळासाठी पॉवरपॉइंट विकत घ्यायचं, गूगल स्लाइड्स फुकट आहे म्हणून तेच वापरायचं, की अध्यक्षांकडे मॅक आहे म्हणून कीनोट? मी आयटीवाला, म्हणून मला विचारण्यात आलं. माझं मत बैठकीत कुणालाच रुचलं नाही, तेव्हा इथे सविस्तर मांडतो. हवं ते घ्या, पण वार्षिक सभेत ते वापरू नका.

दोन वर्षांपूर्वीची सभा आठवते ना? स्वयंपाकघरातून वड्यांचा वास येत होता, मुलं मागे धावत होती आणि पडद्यावर २३ स्लाइड्स सरकत होत्या. सतराव्या स्लाइडचा मथळा होता ‘उपक्रमांचे सुसूत्रीकरण’. त्याखाली पाच ठिपके. चौथ्या ठिपक्याच्या पोटात, बारीक अक्षरांत, ‘जागाभाडे पुनर्रचना – शनिवार’. हात वर झाले, ठराव मंजूर. सप्टेंबरात पालकांना कळलं, की शनिवारच्या मराठी शाळेची खोली आपण सर्वांनी मिळून सोडून दिली आहे!

यात कुणी लबाडी केली नव्हती. खजिनदारांच्या हस्तलिखितात स्वच्छ लिहिलं होतं, ‘खोली सोडल्यास मराठी शाळा कुठे भरवायची, हे ठरवावे लागेल.’ एवढं वाक्य स्लाइडवर मावेना, म्हणून ते कापलं गेलं. कापणारा मीच. त्या २३ स्लाइड्स मी बनवल्या होत्या, आणि ठरावाला हातही वर केला होता. शाळा मग एका घराच्या बेसमेंटमध्ये गेली. १९ मुलांपैकी आज ७ येतात.

ठिपक्याला वाक्य लागत नाही, हीच त्याची खोड. क्रियापद गेलं की कोण काय करणार, कशामुळे आणि त्यातून काय होणार, हे सगळं त्याच्याबरोबर जातं. उरतात ती भारदस्त नामं. ‘पुनर्रचना’ या शब्दाला कोण विरोध करणार?

याहून फार मोठी किंमत मोजून झालेली आहे. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यान अवकाशात असताना, उड्डाणाच्या वेळी त्याच्या डाव्या पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याने किती नुकसान झालं असेल, हे अभियंत्यांनी नासाला स्लाइड्सवरून सांगितलं. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा वाचून वाटावं, की चाचण्यांचे निष्कर्ष दिलासा देणारे आहेत. अगदी तळाच्या ओळीत मात्र लिहिलं होतं, की चाचणीतला तुकडा ३ घन इंचांचा होता आणि यानावरचा १९२०. म्हणजे ६४० पट! १ फेब्रुवारीला कल्पना चावलासह सातही अंतराळवीर गेले. अपघाताला ही स्लाइडच कारण झाली, असं मी म्हणत नाही. पण ती वाचून वरिष्ठांना जिवावरचा धोका लक्षात न येणं सहज शक्य होतं, असं चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात नोंदवलं. माहिती दडवलेली नव्हती, फक्त अगदी तळाशी नेऊन ठेवली होती.

‘हो, पण लोक पानंच्या पानं वाचत नाहीत’, हा आपल्या चिटणीसांचा आक्षेप. वाचतात की! ही स्मरणिका तुम्ही वाचता आहातच. अ‍ॅमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ साली वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार केलं. पूर्ण वाक्यांत लिहिलेलं टिपण आणायचं, बैठकीच्या सुरुवातीला सर्वांनी ते शांतपणे वाचायचं आणि मग बोलायचं. आपलं अंदाजपत्रक काही त्यांच्याहून गुंतागुंतीचं नाही.

स्लाइड्सशी माझं वैर नाही, माझं घर त्यांच्यावरच चालतं. गणेशोत्सवाचे जुने फोटो, रायगडच्या सहलीचा नकाशा, एखाद्या ज्येष्ठ सभासदाच्या श्रद्धांजलीतली छायाचित्रं, इथे पडदा हवाच. त्यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर चालेल, मराठी मजकूर तेवढा युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फाँटात बनवलेली स्लाइड दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली, की ‘हार्दिक स्वागत’च्या जागी काय दिसतं, हे गेल्या पाडव्याला पाहुण्यांनीही पाहिलं! पीडीएफची एक प्रत जवळ ठेवा, म्हणजे जोडाक्षरं फुटणार नाहीत. आणि पॉवरपॉइंटचा शो चालू असताना कीबोर्डवरचं ‘बी’ दाबलं, की पडदा काळा होतो. सगळ्या सॉफ्टवेअरमधली मला सर्वांत आवडणारी सोय हीच. पडदा काळा झाला, की लोक बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतात, आणि बोलणाऱ्यालाही मग काहीतरी बोलावंच लागतं.

आता तर एक ओळ टाइप केली, की दहा स्लाइड्स आपोआप तयार होतात. म्हणजे ज्या वाक्याचा मी जीव घेतला, ते आधी कुणाला लिहावंसुद्धा लागणार नाही. सुसूत्रीकरण मात्र देखणं दिसेल.

म्हणून येत्या सभेसाठी माझी मागणी लेखी देतो. जमाखर्च आणि ठराव दोन पानांवर, पूर्ण वाक्यांत, आठवडाभर आधी घरोघरी जावेत. सभेत पहिली दहा मिनिटं वाचनाला द्यावीत. टाइप करून द्यायला मी तयार आहे. पहिला ठरावही माझाच असेल, आणि त्याचं पहिलं वाक्य असं: शनिवारच्या मराठी शाळेसाठी मंडळाने पुन्हा खोली भाड्याने घ्यावी.