जाफराबादहून दिल्ली, की विलायत?

आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिणारा विद्यार्थी आज जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावीही आढळतो, ही आनंदाची गोष्ट होय. मात्र कोणते विद्यापीठ निवडावे, हे त्याला सांगणारे कोणी नसते. खासगी विद्यापीठांच्या जाहिराती तेवढ्या घरपोच येतात.

या विषयाचे मोल जाफराबादकरांना वेगळे सांगावयास नको. गावाजवळून वाहणाऱ्या केळना नदीच्याच काठी, असई येथे, २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव झाला. त्या दिवशी वेलस्लीसोबत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा तेवीस वर्षांचा तरुण होता. पुण्याच्या रेसिडेन्सीत काम केलेला आणि फारसी अवगत असलेला हा तरुण मराठी दरबार आतून ओळखत होता. आपल्याकडून राघोबादादांचे वकील विलायतेस गेले होते खरे, पण ते अभ्यासासाठी नव्हे, पेशवाईच्या गादीसाठी मदत मागावयास!

तेव्हा निवडीची पहिली कसोटी विद्यापीठाच्या नावाची नसून, तेथे कोणत्या प्रदेशाचा आणि कोणत्या भाषेचा अभ्यास होतो, ही असावी. या कसोटीवर दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आजही अग्रभागी आहे. राष्ट्रीय विचारांच्या घरात हे नाव काढताच कपाळाला आठी पडते, आणि २०१६ च्या घोषणाबाजीनंतर ती पडणे अस्वाभाविकही नाही. परंतु तेथील आंतरराष्ट्रीय अध्ययन संस्थेची परंपरा १९५५ पासूनची आहे. पश्चिम आशिया, मध्य आशिया, पूर्व आशिया यांची स्वतंत्र केंद्रे तेथे आहेत. चिनी, अरबी, फारसी त्याच आवारात शिकता येतात. शुल्क नाममात्र आहे. परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांची डॉक्टरेट याच विद्यापीठाची. विरोधकांच्या भीतीने ज्ञानाचे दालन सोडून देणे हा कसला राष्ट्रवाद?

परदेशाचा मोह मोठा असतो. अमेरिकेतील दोन वर्षांच्या पदवीसाठी बापाने जमीन तारण ठेवावी काय? शिष्यवृत्ती मिळाली, तर अवश्य जावे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची माहिती गावोगावी पोहोचत नाही, हे महाविद्यालयांचे अपयश. पण केवळ परराष्ट्र सेवेत जाण्यासाठी कर्ज काढून परदेशी पदवी घेणे व्यर्थ आहे. लोकसेवा आयोगाला कोणत्याही शाखेची पदवी चालते, मुख्य परीक्षा मराठीतून देता येते आणि निवड झाल्यावर परकीय भाषा सरकारच शिकविते. कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुललाटचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ मध्ये या सेवेत गेले, ते काही विलायती पदवीच्या बळावर नव्हे.

दिल्ली दूर वाटत असेल, तर पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिक अभ्यास विभाग आहे. त्याच शहरात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी, रशियन, जर्मन शिकता येते. दिल्लीला जाणाऱ्याने मात्र एक ध्यानी ठेवावे. तेथील प्रवेश २०२२ पासून राष्ट्रीय सामाईक परीक्षेतून होतात, आणि पदव्युत्तर प्रवेशाची ती प्रश्नपत्रिका मराठीत नसते. इंग्रजी किंवा हिंदीची तयारी पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच सुरू करावी लागते.