हात चालवू या : फिल्टर गळतोय? आधी रिंग बघा!

कुकरची शिट्टी होत नाही, झाकणाच्या कडेने नुसती वाफ जाते, तेव्हा आई काय करते? लगेच नवा कुकर आणत नाही. रबराची रिंग काढते, धुते, उलटीसुलटी करून पाहते. फिश टँकचा कॅनिस्टर फिल्टर गळू लागला की आपणही हेच करायचं.

मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढेसारख्या गावी राहणाऱ्यांना तर हे यायलाच हवं. दुकान शोधत बुलढाणा नाहीतर मलकापूर गाठायचं, तोवर माशांनी काय करायचं?

कॅनिस्टर म्हणजे घट्ट झाकणाचा डबा. तो टाकीच्या खाली ठेवतात. टाकीतलं पाणी एका नळीने डब्यात उतरतं, स्पंजातून गाळलं जातं आणि झाकणातला पंप ते दुसऱ्या नळीने वर चढवतो. डबा आणि झाकण यांच्यामध्ये रबराची रिंग असते. पाणी अडवते ती हीच!

आता कामाला लागू. मोठ्या माणसाला सोबत घ्या. हात कोरडे करून आधी प्लग काढा. पाणी आणि वीज यांची गाठ पडू द्यायची नाही, बरं का!

नळ्यांच्या तोट्या मात्र लगेच बंद करू नका. पंप थांबला तरी वरच्या पाण्याचा दाब डब्यावर असतोच. डबा बाहेरून कोरडा पुसा, परातीत ठेवा आणि झाकणाच्या सांध्याभोवती वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळा. दुसरी पट्टी नळ्यांच्या जोडापाशी. कागद आधी जिथे भिजेल, तिथे दोष. थेंब तळाशी दिसतो म्हणून तळ फुटलेला असतो असं नाही. पाणी वरून ओघळत येतं.

जागा सापडली? आता दोन्ही तोट्या बंद करा, नाहीतर झाकण उघडताच टाकीतलं पाणी खोलीभर! रिंग अलगद काढा. खाचेत वाळूचा कण, शेवाळ किंवा विहिरी-बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर असेल, तर तेवढ्यानेही पाणी झिरपतं. थर लिंबाच्या रसाने किंवा व्हिनेगरने मऊ करा आणि स्वच्छ धुवा. रिंग बोटांनी दाबून पाहा. ती परत उसळली पाहिजे. ताठ, चपटी किंवा चिरलेली असेल, तर त्याच मापाची नवी हवी. चांगली असेल, तर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. व्हॅसलीन नको, त्याने काही प्रकारचं रबर फुगतं. डब्यालाच तडा असेल, तर मात्र डबा बदलणंच बरं.

एवढ्याशा रिंगेचं काय कौतुक, असं वाटतं ना? मग ऐका. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं ‘चॅलेंजर’ यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालं. सात अंतराळवीर गेले. रॉकेटच्या सांध्यातली रबरी रिंग कडाक्याच्या थंडीत ताठरली होती. चौकशीत शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी तशा रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून दाखवला. दाब काढल्यावरही तो चटकन उसळला नाही!

शेवटची गोष्ट माशांच्या जिवाची. स्पंज पाहून नळाखाली खसाखसा धुवावासा वाटेल. थांबा! माशांच्या मलमूत्रातून अमोनिया हे विष तयार होतं. त्याचं कमी घातक पदार्थांत रूपांतर करणारे जिवाणू त्या स्पंजात राहतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात. म्हणून स्पंज टाकीतल्याच बादलीभर पाण्यात हलकेच खंगाळा. या जिवाणूंना प्राणवायू लागतो, तेव्हा दुरुस्ती तासाभरात आटपा. वीज बराच वेळ गेली, तर डबा उघडून तसंच खंगाळून मगच फिल्टर सुरू करा.

सगळं बसवलं की तोट्या उघडा, डबा भरू द्या, बाहेरून पुसा आणि मग प्लग लावा. डब्याखाली एक दिवस कोरडा कागद ठेवा. दुसऱ्या दिवशी तो कोरडाच निघाला, तर शाबास, कारागीर!