घरघर थांबवा, पंखा नव्हे!

ग्रंथालयाच्या भिंतीवरची ‘शांतता राखा’ ही पाटी विद्यार्थ्यांसाठी असते. तिच्याच खाली ठेवलेल्या संगणकाला ती वाचता येत नाही! सकाळी सुरू झालेली त्याची घरघर सायंकाळपर्यंत चालते, आणि ‘यंत्र म्हटले की आवाज आलाच’ असे म्हणून आपण ती मुकाट्याने सोसतो. हे सोसणे अनाठायी आहे असे माझे स्पष्ट मत आहे. घरघर ही गारव्याची किंमत नव्हे. बहुतांशी ती आपल्या अनास्थेची किंमत आहे.

गणकयंत्राचा आद्य कल्पक चार्ल्स बॅबेज गोंगाटाला इतका त्रासला होता की, लंडनच्या रस्त्यांवर वाद्ये वाजवीत हिंडणाऱ्यांविरुद्ध त्याने मोठी मोहीम चालविली. १८६४ साली तेथे तसा कायदाही झाला. त्याच्याच मानसपुत्राने आज वाचकांची एकाग्रता मोडावी, हा दैवदुर्विलासच म्हणायचा! आपल्याकडेही ध्वनिप्रदूषणाविषयीचे २००० सालचे नियम आहेत. त्यांत शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. रस्त्यावरच्या कर्ण्याविरुद्ध आपण तावातावाने बोलतो. मग खोलीतल्या आवाजाबद्दलच मौन का?

आता मूळ कारण पाहू. संगणक जेवढी वीज घेतो, तिची जवळजवळ सारी उष्णता होते. ही उष्णता धातूच्या पातळ पात्यांत उतरते आणि पंखा ती हवेबरोबर बाहेर ढकलतो. पात्यांच्या फटींत धूळ बसली की हवा अडते, तापमान चढते आणि यंत्र आपण होऊन पंख्याचा वेग वाढविते. म्हणजे आवाज हा रोग नसून लक्षण आहे.

असे असता आपण करतो काय? कोणी पेटीवर कापड टाकतो, कोणी ती टेबलाच्या बंद कप्प्यात कोंडतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! कोंडलेल्या यंत्राला स्वतःचीच गरम हवा पुन्हा घ्यावी लागते. पंखा आणखी ओरडतो, आणि तरीही ताप उतरला नाही की यंत्र स्वतःचा वेग कमी करते. फार तापले तर बंद पडते. गोंगाटही राहिला आणि कामही खोळंबले.

खरे उपाय साधे आहेत. यंत्र बंद करून, वीजजोड काढून, मऊ ब्रशाने धूळ झाडावी. पेटी भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. तिच्या पायांखाली रबर असावे, म्हणजे टेबल थरथरत नाही. पंखा बदलायचाच झाला आणि पेटीत जागा असली, तर ८० मिलिमीटरऐवजी १२० मिलिमीटरचा घ्यावा. त्याचे क्षेत्र सव्वादोन पट असल्याने संथ फिरूनही तो तेवढीच हवा देतो. यातली मेख अशी की, पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो; आणि १० डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. जुन्या फिरत्या चकतीच्या जागी घनस्थिती साठवण, म्हणजे एसएसडी, बसविली तर तिचा गुणगुणाटही जातो, कारण तिच्यात हलणारा भागच नसतो.

कोणी म्हणेल, मे महिन्याच्या उन्हाळ्यात हे कसे जमावे? आक्षेप रास्त आहे. खोलीतल्या हवेपेक्षा यंत्राला अधिक थंड करणे पंख्याला शक्य नसते. मग उष्णताच कमी निर्माण करावी. ग्रंथसूची पाहण्यासाठी वा निबंध टंकित करण्यासाठी संगणकाची सारी शक्ती लागत नाही. त्याच्या कमाल वेगाला मर्यादा घालण्याची सोय बहुधा यंत्रातच असते.

संगणक खरेदी करताना ‘किती वेगवान?’ आणि ‘केवढ्याला?’ हे दोनच प्रश्न आपण विचारतो. ‘किती आवाज करतो?’ हा तिसरा प्रश्न महाविद्यालयाने यापुढे आवर्जून विचारावा, आणि प्रत्येक सत्रारंभी धूळ झाडण्याचा दिवस ठरवावा. त्यासाठी अनुदानाची वाट पाहायला नको. ज्ञानमंदिरातील शांतता राखण्याचे काम एकट्या पाटीवर सोपवून कसे चालेल?