मंदीच्या बाजारात घासाघीस कशाची करावी?

घरांचा बाजार कधी विकणाऱ्याचा असतो, तर कधी घेणाऱ्याचा. बांधलेली घरे पुष्कळ आणि गिऱ्हाइके थोडी अशी वेळ आली, म्हणजे एरव्ही तोऱ्यात बोलणारा विक्रेता आपण होऊन दारी येतो. २०२० साली महामारीने व्यवहार थंडावले, तेव्हा महाराष्ट्राने ही अवस्था पाहिली. शासनाने त्या वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर मुद्रांक शुल्काचा दर तीन टक्क्यांनी आणि नंतर मार्च २०२१ अखेरपर्यंत दोन टक्क्यांनी उतरवून ठेवला होता. अशा काळात भाडेकरूच्या मनातही स्वतःच्या घराची आशा उगवते, आणि ती योग्यच आहे.

परंतु आपला माणूस अशा वेळी सारे बळ एकाच प्रश्नावर खर्च करतो : किंमत किती उतरेल? माझ्या मते ही बळाची उधळपट्टी होय. मंदी चार-दोन वर्षांत सरते. दस्तऐवज नातवंडांच्या हाती जातो. म्हणून बाजाराने दिलेले बळ प्रथम कागदासाठी व करारातील अटींसाठी वापरावे, आणि मग किमतीसाठी.

तेजीत अट सांगण्याची सोय गिऱ्हाइकाला नसते. छापील करारनामा पुढे येतो आणि सही करावी लागते. गुरुग्राम येथील एका प्रकल्पाच्या करारात घेणाऱ्याचा हप्ता थकल्यास १८ टक्के व्याज, आणि बांधणाऱ्याने ताबा लांबवल्यास मात्र ९ टक्के, अशी अट होती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये असल्या एकतर्फी अटी घेणाऱ्यावर बंधनकारक नाहीत असा निर्णय दिला. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानेही दोन्ही बाजूंना व्याजाचा दर एकच ठरविला आहे. तरीही न्यायालयाची पायरी चढण्यापेक्षा सहीपूर्वीच अट बदलून घेणे शहाणपणाचे; आणि ती बदलून मिळण्याची संधी मंदीतच अधिक.

मंदीत एक धोकाही दडलेला असतो. ज्याची घरे खपत नाहीत, त्याच्या हाती बांधकामाला पैसाही उरत नाही. सर्वांत मोठी सूट पुष्कळदा सर्वांत अडचणीत आलेला मनुष्यच देतो. म्हणून भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले तयार घर थोडे महाग पडले तरी बरे. बांधकाम चालू असलेले घर घ्यायचे असेल, तर प्रकल्पाची महारेरा नोंदणी पाहावी आणि किंमत चटई क्षेत्रावरच ठरवावी. नोंदणीकृत साठेखत होण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास कायद्याने बंदी आहे. 'ही सवलत आजच्यापुरतीच' असे म्हणून कोणी जास्त पैसे मागू लागला, तर तेथून खुशाल उठून यावे. मंदीत घाई विकणाऱ्याला असते, आपल्याला नसते.

जुने घर घेताना विक्रेत्याची अडचण नेमकी कोणती, याचा तपास करावा. घर बँकेकडे गहाण आहे काय, मूळ खरेदीखत कोणाजवळ आहे, गृहनिर्माण संस्थेची बाकी किती, हे लेखी मागावे. दुय्यम निबंधकाच्या दप्तरातील मागील तीस वर्षांच्या नोंदींचा शोध घ्यावा. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर किंवा नोटरीच्या शिक्क्यावर विकले जाणारे घर कितीही स्वस्त असले, तरी त्याने मालकी मिळत नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. मालकीसाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवे.

यावर कोणी म्हणेल, 'वकीलसाहेब, किंमत दुय्यम म्हणणे सुखवस्तूंना शोभते. आम्हांला लाखाची सूट म्हणजे मुलीच्या शिक्षणाचा खर्च.' आक्षेप खरा आहे, परंतु त्याचे उत्तरही त्यातच आहे. ज्याच्याजवळ दुसरे घर घेण्याइतकी पुंजी आहे, त्याला एक चूक सोसेल. ज्याची भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, पत्नीचे दागिने आणि पुढील वीस वर्षांचा पगार एका घरात गुंतला आहे, त्याला सदोष कागद परवडत नाही.

आणखी एक गोष्ट. बाजार गिऱ्हाइकाचा असला, तरी आडनाव ऐकून तोंड फिरविणारे विक्रेते व संस्था यांची वाण नाही. आपण अशा वेळी अपमान गिळून निघून येतो. तसे करू नये. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर घेण्यास किंवा राहण्यास आडकाठी करणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण अधिनियमाच्या कलम ४ खाली गुन्हा आहे. नकार लेखी मागावा, साक्षीदार ठेवावा, तक्रार नोंदवावी. १९१७ साली परदेशातून विद्या घेऊन बडोद्यास नोकरीवर आलेल्या बाबासाहेबांना त्या शहरात राहण्यास जागा मिळाली नाही. त्यांच्यापाशी विद्वत्ता होती. हा कायदा नव्हता. आज तो आपल्या हाती आहे.

तेव्हा बंधुभगिनींनो, भाव जरूर करा. पण पहिली घासाघीस निर्वेध मालकीसाठी करा, दुसरी न्याय्य अटींसाठी, आणि तिसरी पैशांसाठी. घराच्या दस्तावर पत्नीचेही नाव घाला. सही करण्यापूर्वी प्रत्येक पान वाचा, आणि न समजलेले पान समजेपर्यंत लेखणी उचलू नका.