विरंगुळा नको, हुन्नर द्या!

संकट आले की आपल्याकडे दोन गोष्टी हटकून वाटल्या जातात. जुने कपडे आणि उपदेश. अलीकडे त्यांत तिसरीची भर पडली आहे. तिचे नाव विरंगुळा. महापूर येवो, दुष्काळ पडो, की २०२० सालासारखी साथ येऊन माणसे घरात कोंडली जावोत, कोणी तरी शहाणा उठतो आणि सांगतो, "मन रमवा हो! कागदाची फुले करा, बाटल्या रंगवा, बरे वाटेल!" या 'बरे वाटेल'वर माझा राग आहे, आणि तो बोलून दाखविल्यावाचून यंदाचा फराळ मला गोड लागणार नाही.

गैरसमज नको. हाताच्या कामाशी माझे वैर नाही. मी शाळामास्तर. फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. माझी विद्या मॅट्रिकपाशी थांबली, तेव्हा मानसशास्त्राच्या जाड ग्रंथांचे दाखले मजपाशी नाहीत. माझे दाखले कृष्णाकाठचे आणि माणदेशातले. खचलेले मन हाताच्या कामाने उभे राहते, हे मला सोळा आणे मान्य आहे. परंतु ते काम खुळखुळा म्हणून हाती दिले, तर मन उभे राहत नाही, उलट ओशाळते. काम खरे असावे लागते. त्याची चूक काढणारा कोणी असावा लागतो, आणि झालेली वस्तू कोणाला तरी खरोखरच हवी असावी लागते.

मिरजेचेच पाहा. तिथले शिकलगार म्हणजे हत्यारे घडविणारे, त्यांना धार लावणारे लोक. इंग्रजी अंमल बसला, तलवारींचे दिवस सरले आणि या घरांच्या चुली विझू लागल्या. अशा वेळी, सुमारे १८५० साली, फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय होता, गावात गाणे होते. पोलादाला सरावलेला हात भोपळ्यावर आणि लाकडावर फिरू लागला. त्या माणसाला कोणी 'मन रमवा' म्हणाले असेल काय? तंबोऱ्याची जवारी लावायची म्हणजे घोडीच्या माथ्यावर कानस फिरवायची, तारेखालचा दोरा केसभर सरकवायचा, तार छेडायची, कान द्यायचा आणि पुन्हा कानस उचलायची. नाद उमलला तर उमलला. नाही तर गवई वाद्य परत करणार! पुढे याच मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेब राहिले. असे कान ज्या गावात वावरत होते, त्या गावात 'चालेल, बरे झाले आहे' म्हणून कोणाची पाठ थोपटली जात नव्हती. म्हणूनच तो हुन्नर टिकला, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. बुडालेल्या धंद्यातून माणसे वर आली ती विरंगुळ्याने नव्हे, कसाने!

यावर कोणी म्हणेल, "मास्तर, पोटात आग पडलेली असताना कसला कस घेऊन बसलात?" प्रश्न रास्त आहे. आधी भाकरी, हे मी दोनदा सांगेन. १९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतल्या बायाबापड्यांनी खडी फोडली आणि सुकडी खाऊन दिवस काढले. त्या कामाने जीव वाचले. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा उभा राहिला, आणि त्यामागे सांगली जिल्ह्यातलेच वि. स. पागे होते, याचा आम्हांला अभिमान आहे. पण खडी फोडून कोणाचे मन उभारले, असे आमच्या वडीलधाऱ्यांपैकी एकानेही मला सांगितले नाही. कसे सांगावे? ढिगातला कोणता खडा आपण फोडला, हे कोणाला ओळखू येते? पोटाचे काम दिले म्हणजे मनाचे काम दिले असे होत नाही. आणि मनाचे काम दाखवून पोटाचे टाळणे ही तर लबाडीच!

काम देताना विश्वासही द्यावा लागतो. औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसविले. भिंतींवाचूनचा तुरुंग! मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या गृहस्थाचे त्यात मोठे अंग होते. धनुष तकली काढणारे भारतानंद ते हेच. तिथे कैद्यांच्या हाती माती दिली, अवजारे दिली. बायकामुलांसह राहू दिले. 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट याच प्रयोगावरून निघाला. ज्या माणसावर खून चढला होता, त्याच्या हाती कोयता देण्याची छाती त्या संस्थानिकाने दाखविली. आम्हांला मात्र पूरग्रस्ताच्या हाती रंगीत कागदापलीकडे काही देववत नाही.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. त्या दिवसांत एका छावणीत मी पाहिले. पोरांसाठी रंगीत कागद आले होते, मोठ्यांसाठी व्याख्यान. एक म्हातारी मात्र मदतीत आलेल्या जुन्या लुगड्यांचा ढीग उपशीत विचारीत होती, "सुई-दोरा हाय का रं कुणाकडं?" दुपारपर्यंत चारजणी तिच्याभोवती बसल्या. शेजारी एक बाळंतीण उघड्या फरशीवर होती. तिच्यासाठी वाकळ शिवायची होती. मध्येच म्हातारी एकीवर कडाडली, "टाका वाकडा गेलाय, उसव!" जिचे घर पाण्यात होते, तिने निमूटपणे टाका उसवला आणि पुन्हा घातला. तिच्या तोंडावर त्या दिवसांत मी प्रथमच रंग पाहिला. व्याख्यान देणाऱ्याला हे साधले असते काय? तो तर "वा, वा!" म्हणून मोकळा झाला असता.

आता आमच्या शाळांकडे या. हाताच्या कामाचा तास वेळापत्रकावर असतो. प्रत्यक्षात तो गणित खाते आणि उरला तर इंग्रजी. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी मूलोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला; आपण त्याची तकली केली, तकलीची नोंदवही केली आणि शेवटी नुसती वही उरली. आज 'टाकाऊतून टिकाऊ' नावाचा प्रकार चालतो. वस्तू रात्री आई करते, सकाळी मास्तर गुण देतात, तिसऱ्या दिवशी ती कचऱ्यात जाते. टिकते ते फक्त छायाचित्र! दिवाळीचा किल्लासुद्धा आता बाजारात तयार मिळतो. ज्या साताऱ्यात अजिंक्यतारा खिडकीतून दिसतो, तिथल्या पोराच्या नखांत दिवाळीत माती नसावी, याची लाज कोणाला वाटावी? त्या पोराला की आपल्याला?

म्हणून माझी मागणी साधी आहे. शाळेत एक खरी कार्यशाळा द्या. तंबोरा घडविणारा कारागीर, घोंगडी विणणारा सणगर, वाकळ शिवणारी आजी यांना मानाने बोलवा आणि मास्तराला देता तसा पगार द्या. त्यांच्यापाशी पदवी नाही, ही सबब सांगू नका. मुलांनी केलेली वस्तू प्रदर्शनात न मांडता वापरात आणा. हे सुकाळात शिकवावे लागते. पाणी उंबऱ्याला लागल्यावर हुन्नर येत नसतो. आणि पुढच्या खेपेला छावणीत जाताना रंगीत कागद घरीच ठेवा. सुई, दोरा, हातोडी, रंधा घेऊन जा. नंतर वाकड्या टाक्याला वाकडा म्हणण्याचे धैर्य दाखवा. दुःखी माणसाला आपण चूक सांगत नाही, याचे कारण आपले मन मोठे असते हे नव्हे. त्याच्याकडून आता काही व्हायचे नाही, असे आपण मनोमन ठरवून बसलेले असतो!